नायट्रसची बाटली: जुन्या स्पोर्ट्स कारला दम देते की तिचा दम काढते?

मोबाईलवर गाड्यांचे रील पाहणाऱ्या पोरांना एक दृश्य आता तोंडपाठ झालंय. मागच्या सीटजवळ निळी बाटली, स्टेअरिंगवर लाल बटण, बोनेटजवळून पांढऱ्या वाफेचा फवारा, आणि बटण दाबलं की गाडी उसळी मारून पुढे. २००१ साली आलेल्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या हॉलिवूडच्या सिनेमाने हे वेड जगभर पोचवलं. आता तालुक्याच्या गॅरेजवर पण पोरं विचारतात, “भाऊ, ही नायट्रसची बाटली जुन्या गाडीला बसते का? किती पळेल?”

उत्तर आधीच सांगून टाकतो. बाटलीने ताकद वाढते, यात खोटं काही नाही. पण ती ताकद बाटलीत भरलेली नसते. ती इंजिनाच्या अंगातून काढली जाते. म्हणून इंजिन जुनं असेल आणि गाडी रोजच्या रस्त्यावर चालवायची असेल, तर बाटली घेण्याआधी बरंच काही समजून घ्यावं लागतं. हा प्रकार जिथे सगळ्यात जास्त चालतो त्या अमेरिकेतली एक जुनी गाडी धरून आपण हे समजून घेऊ. आपल्याकडचा कायदा शेवटी पाहू.

हा गॅस आहे तरी कोणता?

नाव नायट्रस ऑक्साइड. दोन अणू नायट्रोजनचे आणि एक ऑक्सिजनचा. १७७२ साली इंग्लंडच्या जोसेफ प्रिस्टली यांनी तो पहिल्यांदा तयार केला. पुढे हम्फ्री डेव्ही यांनी स्वतः हुंगून पाहिला आणि ‘हसवणारा वायू’ म्हणून तो गाजला. १८४४ मध्ये होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने दात काढताना त्याचा वापर सुरू केला. आजही मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या बाजूला निळ्या रंगाचं सिलिंडर दिसतं, त्यात हाच गॅस असतो.

आपल्या शेतातही तो तयार होतो. युरिया टाकला आणि वावरात पाणी साचलं, की मातीतले जिवाणू त्यातल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात. आपल्या खिशातलं खत असं उडून जातं. हवा तापवण्यात हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनाला वजन सुमारे २७० पट भारी आहे. म्हणजे गॅस ओळखीचाच आहे, फक्त बाटलीत भरलेला आपण पाहिलेला नाही.

इंजिनात तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला दुसऱ्या महायुद्धात, लढाऊ विमानांसाठी. खूप उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम लागतो. तिथे जर्मन हवाई दलाने इंजिनात नायट्रस सोडायची व्यवस्था बसवली होती. पुढे तीच कल्पना अमेरिकेतल्या शर्यतीच्या गाड्यांत आली आणि १९८०-९० च्या दशकात तयार किटच्या रूपाने साध्या लोकांच्या गाड्यांपर्यंत पोचली.

ताकद येते कुठून?

बऱ्याच जणांना वाटतं, हा पण एलपीजीसारखा जळणारा गॅस असणार. तसं नाही. नायट्रस स्वतः जळत नाही, तो दुसऱ्याला जाळायला मदत करतो.

चुलीचं उदाहरण घ्या. चुलीत लाकूड भरपूर आहे, पण नुसता धूर होतोय. आई फुंकणीने फुंकते आणि जाळ होतो. लाकूड तेवढंच होतं, कमी होती ती हवा. इंजिनाचंही तसंच आहे. पेट्रोल कितीही ओतता येईल, पण ते जाळायला ऑक्सिजन पाहिजे आणि इंजिन एका झटक्यात ठरावीकच हवा ओढू शकतं. साध्या हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो. नायट्रसमध्ये तो सुमारे ३६ टक्के असतो. सिलिंडरमधल्या उष्णतेने नायट्रस फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो, आणि त्याच्या जोडीला जादा पेट्रोल दिलं की तेवढ्याच इंजिनात मोठा जाळ होतो.

दुसरा फायदा थंडीचा. बाटलीत हा गॅस दाबाने पातळ होऊन बसलेला असतो. बाहेर पडला की तो उणे ८८ अंशाला उकळतो. त्यामुळे आत जाणारी हवा एकदम गार होते. गार हवा दाट असते, म्हणजे अजून थोडा ऑक्सिजन आत जातो.

आता महत्त्वाचा मुद्दा. ऑक्सिजन वाढवला आणि पेट्रोल वाढवलं नाही तर काय होईल? हे आपल्याला फॅब्रिकेशनवाला सांगेल. गॅस कटर पाहिलाय ना? आधी ज्योतीने लोखंड लाल करतात, मग ऑक्सिजनचा खटका दाबतात आणि लोखंड लोण्यासारखं कापलं जातं. इंजिनात पेट्रोल कमी आणि नायट्रस जास्त झाला, की पिस्टनचा हाच कटर होतो. पिस्टन तर ॲल्युमिनियमचा, तो लोखंडाच्या कितीतरी आधी वितळतो. पिस्टनला मधोमध भोक पडलेले फोटो इंटरनेटवर दिसतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ हेच असतं.

एक खरी गाडी: जुनी मस्टँग

अमेरिकेत नायट्रसचं नाव निघालं की एक गाडी हमखास येते. फोर्ड कंपनीची १९७९ ते १९९३ या काळातली मस्टँग. तिला तिकडे ‘फॉक्स बॉडी’ म्हणतात. त्यातलं ‘फाइव्ह पॉइंट ओ’ हे आठ सिलिंडरचं इंजिन म्हणजे सुमारे ४९४२ सीसी. १९८७ पासूनच्या जीटी मॉडेलची ताकद कंपनीने २२५ हॉर्सपॉवर सांगितली होती आणि टॉर्क सुमारे ४०७ न्यूटन-मीटर.

ही गाडी तेव्हा स्वस्त होती, वजनाला हलकी होती, आणि सुटे भाग कुठेही मिळायचे. म्हणून तरुणांनी तिला सगळ्यात जास्त बाटल्या लावल्या. टर्बो किंवा सुपरचार्जर बसवायला मोठा खर्च आणि मोठं काम. नायट्रसचं किट मात्र काही शे डॉलरमध्ये येतं आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत बसतं. बटण दाबलं नाही तर गाडी नेहमीसारखीच चालते. लोभ सुटायला एवढं पुरे आहे.

या गाडीला १०० हॉर्सपॉवरचा ‘शॉट’ दिला तर २२५ चे ३२५ होतात. शॉट म्हणजे बटण दाबल्यावर किती ताकद वाढेल तो आकडा. आपल्या भाषेत सांगायचं तर चालत्या गाडीला ५० एचपीचे दोन ट्रॅक्टर अचानक मागून ढकलायला लागले असं समजा.

मग किती झेपतं? या इंजिनाबद्दल तिकडच्या मेकॅनिक लोकांना एक गोष्ट पक्की माहीत आहे. साधारण ५०० हॉर्सपॉवरच्या पुढे गेलं की मूळ ब्लॉकच उभा चिरतो. म्हणजे पिस्टन, रॉड कितीही भारी टाका, ज्यात ते बसलेत तो सांगाडाच फुटतो. वर हे आकडे चांगल्या अवस्थेतल्या इंजिनाचे आहेत. तीस-पस्तीस वर्षं चाललेल्या, रिंगा झिजलेल्या इंजिनाला तेवढी मोकळीक उरलेली नसते.

किटमध्ये काय काय असतं?

बाटली, तिचा ब्रॅकेट, इंजिनापर्यंत जाणारी जाळीची नळी, सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, आणि जेट. जेट म्हणजे बारीक भोक असलेला पितळी तुकडा. आपल्या ठिबकच्या ड्रिपरसारखं समजा. भोक किती मोठं, त्यावर किती गॅस जाणार ते ठरतं. जेट बदलला की शॉट बदलतो.

किटचे मुख्य दोन प्रकार.

‘वेट’ किटमध्ये नायट्रस आणि जादा पेट्रोल एकाच नोझलमधून फवारलं जातं. दोघांना वेगवेगळा सोलेनॉइड असतो. यात पेट्रोलचं माप हातात राहतं. पण इंजेक्टरवाल्या गाड्यांचा इनटेक मॅनिफोल्ड नुसती हवा वाहून न्यायला बनवलेला असतो. कमी आरपीएमवर बटण दाबलं तर त्या वळणावळणाच्या नळ्यांत पेट्रोल साचतं आणि भडका उडाला की मॅनिफोल्डच फुटतो.

‘ड्राय’ किटमध्ये नोझलमधून फक्त नायट्रस जातो आणि जादा पेट्रोल गाडीच्या मूळ इंजेक्टरमधूनच द्यायचं असतं. जुन्या मस्टँगसाठी जे ड्राय किट गाजलं, त्यात पेट्रोलच्या रेग्युलेटरला नायट्रसचाच दाब देऊन पेट्रोलचा दाब वाढवला जायचा. युक्ती चांगली, पण पेट्रोलचा पंप दमदार असेल तरच. त्या गाडीचा मूळ पंप तासाला ८८ लिटरचा. तो जुना झाला, फिल्टर चोंदला, तर ऐन वेळी पेट्रोल कमी पडतं. मग वर सांगितलेला गॅस कटर सुरू.

आणि रीलमधला तो पांढरा फवारा? त्याला ‘पर्ज’ म्हणतात. नळीत अडकलेली हवा आणि कोमट गॅस बाहेर काढून टाकायचा, म्हणजे बटण दाबताच थेट पातळ नायट्रस पोचतो. त्याने गाडी पळत नाही. पण दिसायला भारी दिसतं, म्हणून कॅमेऱ्यासमोर तेच जास्त चालतं.

जुनं इंजिन कुठे मार खातं?

इथे एक हिशोब नीट समजून घ्या, कारण निम्मी इंजिनं इथेच बसतात.

नळातून पाणी जसं एका वेगाने पडतं, तसा नायट्रस जेटमधून एका वेगाने येतो. इंजिन हळू फिरतंय की जोरात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ६००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा स्फोट होतो. ३००० आरपीएमला २५ वेळा. गॅस तेवढाच, पण वाटणीला अर्धेच स्फोट. म्हणजे ३००० ला प्रत्येक स्फोटाच्या वाट्याला दुप्पट नायट्रस येतो.

आकड्यात सांगायचं तर १०० हॉर्सपॉवरचा शॉट ३००० आरपीएमला मारला तर टॉर्क सुमारे २३७ न्यूटन-मीटरने वाढतो. ज्या गाडीचा मूळ टॉर्कच ४०७ आहे, तिच्यावर एका क्षणात निम्म्याहून जास्त भार आला. कनेक्टिंग रॉड वाकतो तो इथे. त्याच्या मागे क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट, सगळ्यांना तो झटका बसतो. या मस्टँगचा पाच गिअरचा मूळ बॉक्स आधीच आपल्या मर्यादेजवळ काम करत होता, त्यामुळे गिअरचे दात तुटणं ही तिथली नेहमीची तक्रार. रोटाव्हेटर दगडात अडकल्यावर पीटीओची पिन तुटते, तसंच. फरक एवढाच की रोटाव्हेटरला ती पिन मुद्दाम तुटण्यासाठी दिलेली असते. गाडीत तशी पिन नसते, जे कमजोर असेल ते तुटतं.

दुसरा मार ठोक्याचा. स्पार्क पडण्याआधी किंवा नंतर मिश्रण आपोआप भडकलं तर इंजिन ‘ठोकतं’. जुन्या इंजिनात पिस्टनवर कार्बन साचलेला असतो, तो निखाऱ्यासारखा लाल होतो आणि मिश्रण वेळेआधी पेटवतो. नायट्रसने जाळ लवकर होतो, म्हणून स्पार्कची वेळ मागे घ्यावी लागते. तिकडचा ठोकताळा आहे, दर ५० हॉर्सपॉवरमागे सुमारे २ अंश. जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरला तर नायट्रस आला हे कळतही नाही. तो आपला नेहमीच्या हिशोबाने चालतो. वेळ मागे घेतली नाही, तर आधी हेड गॅस्केट जातं, मग रिंगा, मग पिस्टन.

बाटली आणि उन्हाळा

हा मुद्दा आपल्या भागातल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा.

२१ अंश तापमानाला नायट्रसच्या बाटलीत सुमारे ७६० पीएसआय दाब असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये आपण जेमतेम १२-१५ पीएसआय ठेवतो, यावरून अंदाज घ्या. गाड्यांचे जाणकार ९०० ते १००० पीएसआयला बाटली वापरतात. तापमान वाढलं की दाब वाढतो आणि ३६.४ अंशांच्या पुढे तर हा गॅस कितीही दाबला तरी पातळ राहतच नाही. त्या टोकाला दाब सुमारे १०५० पीएसआय असतो. त्याच्या पुढे तो किती चढेल, हे बाटली किती भरली आहे त्यावर असतं.

आता विचार करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीत ४२-४३ अंश. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. दाब वाढला की त्याच जेटमधून नायट्रस जास्त जातो, पेट्रोल मात्र तेवढंच. म्हणजे थंडीत नीट चाललेली सेटिंग उन्हाळ्यात इंजिन जाळू शकते.

बाटलीच्या तोंडाशी एक सुरक्षा चकती असते. दाब हद्दीबाहेर गेला की ती फुटते आणि सगळा गॅस बाहेर पडतो. बाटली डिकीत आणि डिकी प्रवाशांच्या जागेला जोडलेली असेल, तर बंद गाडीत तो गॅस भरतो आणि माणसाला ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतीच्या नियमांत बाटली पक्क्या ब्रॅकेटमध्ये पाहिजे, पट्टीने बांधलेली चालत नाही, आणि चालकाच्या कप्प्यात असेल तर गॅस गाडीबाहेर काढणारी नळी पाहिजे.

बाटलीच्या तोंडाला तेल-ग्रीस लावायचं नाही, वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरला लावत नाहीत तसंच. आणि दाब वाढवायला बाटली टॉर्चने किंवा शेगडीवर तापवणं हा तर जिवाशी खेळ आहे.

अजून एक. हा गॅस हुंगायचा नाही. तिकडे गाडीच्या नायट्रसमध्ये मुद्दाम सल्फर डायऑक्साइड मिसळतात, म्हणजे कोणी नशेसाठी हुंगू नये. नशेसाठी वापरणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व निकामी होतं, हातपाय बधिर होतात, चालता येईना अशी पाळी येते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी तो जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरवला.

रस्ता आणि दहा सेकंद

सगळं नीट बसवलं, इंजिन तगडं आहे, असं धरून चालू. तरी रस्त्यावर त्याचा उपयोग किती?

साडेचार किलो गॅसची बाटली ही नेहमीची मोठी बाटली. १०० हॉर्सपॉवरच्या शॉटला ती सगळी मिळून दीड-दोन मिनिटं पुरते. एका वेळी माणूस दहा-बारा सेकंद बटण दाबतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने दहा सेकंदात गाडी ३३३ मीटर जाते. ड्रॅग शर्यतीचा पाव मैलाचा ट्रॅक ४०२ मीटरचा असतो. तो सरळ असतो, चिकट केलेला असतो, पुढे थांबायला वेगळी जागा असते, बाजूला कठडा आणि ॲम्ब्युलन्स उभी असते.

रस्त्यावरच्या ३३३ मीटरमध्ये काय असतं? अमेरिकेत चौक असतो, सिग्नल असतो, रस्ता ओलांडणारं माणूस असतं. आपल्याकडे एसटीचा थांबा, शेळ्या, आणि मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली.

ताकद वाढली म्हणून ब्रेक वाढत नाही, हेही विसरू नका. त्या जुन्या मस्टँग जीटीला पुढे डिस्क ब्रेक, पण मागे ड्रम. ती गाडी २२५ हॉर्सपॉवरसाठीच बनवली होती. मागची चाकं ओढणारी हलकी गाडी, त्यात वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर अचानक १०० हॉर्सपॉवर वाढली, की मागचं ढुंगण फिरलंच म्हणून समजा.

तिकडचे जबाबदार लोक काय करतात?

जे लोक वर्षानुवर्षं इंजिन न फोडता नायट्रस वापरतात, त्यांची पद्धत थोडक्यात अशी:

१. आधी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासतात. एखादाही कमी निघाला तर बाटलीचा विषय बंद. आधी इंजिन खोलायचं.

२. पेट्रोलचा पंप, फिल्टर, रबरी नळ्या नव्या टाकतात आणि भाराखाली पेट्रोलचा दाब मोजतात.

३. एक-दोन नंबर थंड प्रकारचे स्पार्क प्लग लावतात, चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल घालतात, टायमिंग मागे घेतात.

४. बटणाच्या जोडीला सुरक्षा स्विच लावतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, आरपीएम ३००० च्या वर आणि लाल पट्टीच्या खाली असेल, पेट्रोलचा दाब पुरेसा असेल, तरच नायट्रस सुटतो. यातलं एक जरी चुकलं तर आपोआप बंद.

५. सुरुवात ५०-७५ च्या छोट्या शॉटने करतात. डायनोवर गाडी चढवून, मिश्रण मोजून, मग पुढचा विचार.

६. प्रत्येक वेळी प्लग काढून त्याचा रंग पाहतात. प्लगवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय, तिथेच थांबतात.

७. बटण दाबतात ते ट्रॅकवर. रस्त्यावर बाटलीचा व्हॉल्व्ह बंद.

हे सगळं जोडून पाहिलं की कळतं, स्वस्तातलं काम म्हणजे फक्त बाटली. तिला झेपेल असं इंजिन, पंप, क्लच, ब्रेक, टायर करायला किटच्या कितीतरी पट पैसा लागतो. शिवाय तिकडेही सगळीकडे रान मोकळं नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात प्रदूषण मंडळाची मान्यता नसलेला असा भाग रस्त्यावरच्या गाडीला लावता येत नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए प्रमाणे असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ वेगळं लागतं.

बाटलीचाही कायदा आहे. दाबाचा गॅस भरायची सिलिंडरं ‘गॅस सिलिंडर नियम २०१६’ खाली येतात आणि त्यांना मान्यता देणारी केंद्र सरकारची संस्था म्हणजे ‘पेसो’. तिचं मुख्यालय आपल्या महाराष्ट्रात, नागपूरला आहे. बाहेरून मागवलेली बिनमान्यतेची बाटली बाळगणं आणि कुठेतरी चोरून भरून घेणं, दोन्ही अडचणीत आणणारं आहे. दवाखान्याच्या सिलिंडरमधून बाटली भरून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. दाबाचा गॅस एका बाटलीतून दुसरीत घेणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे.

आणि विमा. गाडीत न कळवलेला बदल सापडला तर कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं. अपघातात समोरच्याचा जीव गेला, तर कर्ज कोणाच्या सातबाऱ्यावर चढेल याचा विचार बटण दाबणाऱ्याने आधी करावा.

मग हौस भागवायची कशी?

हौस वाईट नाही. जुन्या गाडीला आवाज, वास, वजन असतं, ते नव्या गाडीत मिळत नाही. पण तिचा गेलेला दम परत आणायला आधी बाटली लागत नाही. कॉम्प्रेशन बघा, व्हॉल्व्ह सेटिंग करा, इंजेक्टर किंवा कार्बोरेटर साफ करा, पेट्रोलचा पंप आणि फिल्टर बदला, टायमिंग लावा, ब्रेक नवे करा. बऱ्याच जुन्या गाड्या मूळ ताकदीच्या बऱ्याच खाली चाललेल्या असतात. आधी ती मूळ ताकद मिळवा. तेवढ्यानेच फरक कळेल आणि आरटीओचा फोन येणार नाही.

वेगच अनुभवायचा असेल तर आपल्या देशातही परवानगी घेऊन भरणाऱ्या ड्रॅग शर्यती आहेत. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर त्या झालेल्या आहेत. तिथे गाडी तपासतात, हेल्मेट घालायला लावतात, आणि समोरून कोणी येत नाही.

रील तीस सेकंदांचं असतं. त्यात बटण दिसतं, पण त्यानंतर उघडलेलं इंजिन आणि गॅरेजचं बिल दिसत नाही. घरातल्या पोराने ही बाटली मागितली, तर नुसतं ओरडू नका. त्याला आधी एवढंच विचारा: तुझ्या गाडीचं कॉम्प्रेशन शेवटचं कधी मोजलंस?